तहानेचे माप

१९५७ सालच्या मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास, परळच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर माझी वहिनी पाण्यावाचून बेशुद्ध पडली. घरात त्या वेळी चार हंडे पाणी भरलेले होते.

तिला ज्यांनी वाचवले ते डॉक्टर नव्हते. एका वैद्यकीय महाविद्यालयात, शरीराचे व्यवहार कसे चालतात ते जिथे शिकवतात त्या विभागात ते अटेंडंट होते. हमाल म्हणून लागले, बाटल्या धुता धुता प्रयोगाची मांडामांड शिकले, आणि वीस-बावीस वर्षांनी अशी स्थिती आली की परीक्षेच्या आधी विद्यार्थी प्राध्यापकांकडे जाण्यापूर्वी त्यांच्याकडे जात. विद्यार्थी त्यांना मामा म्हणत. आम्हीही मामाच म्हणत होतो. इंग्रजी त्यांना वाचता येत असे, बोलता येत नसे. शाळा चौथीपर्यंत.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. मृत्यूचा दाखला मी पाहिला आहे. त्यात वय चुकलेले आहे. त्यांना ते खपले नसते.

मामांचा एक प्रश्न ठरलेला होता: किती? कोणी म्हणाले आज फार उकडते, तर मामा विचारत, किती? कोणी म्हणाले मुकादम फार रागावला, तरी तोच प्रश्न. सुरुवातीला माणसांना ही थट्टा वाटे. मामा थट्टा करत नसत. उत्तर मिळेपर्यंत ते समोरच्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहत, आणि उत्तर नाही असे दिसले की तो विषय त्यांच्यापुरता संपे.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात नवा उपसंपादक होतो. मामांची आणि माझी ओळख पोस्टकार्डांवरून झाली. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती आणि आमचा पेपर समितीच्या बाजूचा होता. सभेचे वृत्त छापून आले की दोन दिवसांनी मामांचे कार्ड येई. एका कार्डात लिहिले होते की काल तुम्ही लाखोंचा जनसागर छापलात, मी सभा उठल्यावर मैदान पावलांनी मोजले, माणसे उभी केली तरी त्यात इतकी मावत नाहीत. खाली गुणाकार होता. गुणाकार बरोबर होता.

आमचे वृत्तसंपादक चिडले. कार्डावर पत्ता आमच्या शेजारच्या चाळीचा होता, म्हणून त्यांनी मला पाठवले. मी मामांना विचारले, "मामा, तुम्ही आपल्या बाजूचे की सरकारच्या?"

"मुंबई आपलीच," मामा म्हणाले. "म्हणून तर कार्ड टाकलं. खोटा आकडा दिलास की ते पहिल्यांदा आकड्याला हसणार, मग आपल्याला."

त्यानंतर मी सभेला गेलो की मैदान पावलांनी मोजू लागलो. पुढे तीस वर्षे मी ते करत आलो.

माणसाच्या अंगातले पाणी हा मामांचा खास विषय होता. त्याचे कारण त्यांच्या नोकरीत होते. त्यांच्या विभागातले एक प्राध्यापक कुत्र्यांवर प्रयोग करत. गळ्याच्या धमनीत रक्ताहून खारट पाणी सोडले की काही मिनिटांत कुत्र्याचे मूत्र कमी होते. थेंब मोजायचे काम मामांकडे होते. हजारो थेंब मोजून त्यांची एक गोष्ट पक्की झाली होती, आणि इराण्याच्या हॉटेलात बसले की ती ते कोणालाही सांगत.

"तहान घशाला लागते असं वाटतं. घशाला नाही लागत, डोक्याला लागते. मेंदूच्या बुडाशी रक्ताची चव बघणारी जागा आहे. रक्त जरा खारट झालं की तिथून दोन हुकूम सुटतात. एक तोंडाला, की पी. दुसरा मूत्रपिंडाला, की सोडू नको, राख. दुसरा हुकूम नाकामागच्या वाटाण्याएवढ्या गाठीतून रक्तात उतरतो. बस्स. एवढ्यावर माणूस उभा आहे."

एका मोर्चाच्या दिवशी लालबागच्या कोळशाच्या वखारीत त्यांनी अकरा स्वयंसेवकांना निघताना काट्यावर उभे केले आणि परत आल्यावर पुन्हा केले. वखारवाला ओळखीचा होता. माणसे मोर्चाला उशीर होतो म्हणून कुरकुरत होती, पण काट्यावर चढली. संध्याकाळी सगळ्यांचे वजन घटलेले निघाले. एक जाडजूड विणकर अडीच शेरांनी उतरला होता. तो खूश झाला.

"मामा, मुंबईसाठी अडीच शेर दिले बघा."

"दिले नाहीस, घाम गाळलास. मीठ नि दोन-तीन तांबे पाणी घे, रात्रीपर्यंत सगळे परत येतील."

"म्हणजे माझा त्याग गेला?"

"त्याग राहू दे. लिंबू पिळून घे."

मामांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक लाकडी डबी असे. तिच्यात काचेची एक नळी होती, खाली फुगीर, वर आकडे. ती मूत्रात सोडतात. मूत्र दाट असेल तर नळी वर तरंगते, पाण्यासारखे असेल तर बुडते. दुधात पाणी ओळखण्याची नळी साधारण अशीच असते, आणि आमच्या भागातल्या दूधवाल्या भैयाचा तोच समज होता. मामा जिन्याजवळ दिसले की तो त्या दिवशी चांगले दूध घाली. बायका मामांना सकाळी येऊन उभे राहायला सांगत. मामा येत. पुढे नळी खरी कशाची ते एका विद्यार्थ्याच्या तोंडून फुटले, तेव्हा बायकांनी बोलावणे बंद केले. भैयाला मात्र कोणी सांगितले नाही.

आमच्या चाळीत बहुतेक कुटुंबे रत्नागिरीकडची, मराठ्यांची, गिरणीत कामाला असलेली. मामांच्या चाळीत त्यांच्या समाजाची माणसे होती. आधीच्या ऑक्टोबरात मामा नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले होते. दोन चाळींमध्ये वीस पावलांचे अंतर होते. दोन्हींना वेगळे नळ होते आणि एका चाळीचे माणूस दुसऱ्या चाळीच्या नळावर जात नसे. याबद्दल कोणी काही बोलत नसे. बोलण्याची गरजच पडत नसे.

वहिनी बावीस वर्षांची होती. माझा भाऊ विणखात्यात होता. घरात हे दोघे, आई आणि मी. वहिनीला तहान लागत असे, आणि ती सव्वा वर्षापासून लागत होती. दिवसभर तांब्या तिच्या हातात. शिवाय दर अर्ध्या तासाला तिला मोरीत जावे लागे. नळाला पाणी पहाटे दीड तास. मे महिन्यात तेही बारीक धारेने. एकट्या माणसाला एक हंडा प्यायला लागतो, ही गोष्ट मजल्यावर लपून राहिली नाही. नळावर बायका ऐकवू लागल्या. एक म्हणाली, "तुमच्या सुनेला समुद्रावर न्या." आईने ते मुकाट ऐकून घेतले.

भाऊ तिला डॉक्टरकडे घेऊन गेला होता. डॉक्टरांनी मूत्रात साखर आहे का ते पाहिले. साखर नव्हती. त्यांनी सांगितले की रोग नाही, सवय आहे, सवय मोडा. आईने तो शब्द धरला. "साखर नाय तर रोग नाय," ती म्हणाली. "खोड आसा. मोडूक व्हयी." आईचा वहिनीवर जीव होता. नळावरची बोलणी बंद व्हावीत आणि सून सुधारावी, एवढेच तिला हवे होते. सोमवारी सकाळपासून दिवसाला एक तांब्या असे ठरले. आई हंड्यांवर पहारा ठेवत मोरीसमोर पाट टाकून बसली. मी घरात होतो. मी विरोध केला नाही. तो मला योग्य उपाय वाटला होता.

मंगळवारी दोनच्या पुढे मी इराण्याकडे गेलो. मामा सुटीत चहा पीत होते. बोलता बोलता मी वहिनीची गोष्ट सांगितली. हसत सांगितली.

"किती?" मामांनी विचारले.

"काय किती?"

"किती पिते? किती जाते?"

"पिते एक हंडा. जाते किती ते कोणी मोजलं?"

"आणि पाणी तोडल्यावर? जायचं कमी झालं?"

मला माहीत नव्हते. मामांनी बशीतला चहा तसाच ठेवला आणि उठले. रस्त्याने ते झपाझप चालत होते आणि मला जवळजवळ पळावे लागत होते.

आम्ही जिना चढून आलो तेव्हा वहिनी चटईवर पडली होती आणि आई तिला हाका मारत होती. ती ओ देत नव्हती. मामांना दारात पाहून आई मला म्हणाली, "तेका आत घेव नको."

ती हळू बोलली, पण मामांना ऐकू गेले. ते उंबऱ्याबाहेर थांबले. पुढचे सगळे त्यांनी तिथूनच केले.

"मावशी, मी आत येत नाही. तिची जीभ बघा. ओली आहे की कोरडी?"

"लाकडासारकी."

"हाताच्या मागची कातडी चिमटीत धरा. सोडा. खाली बसते?"

"नाय. उभीच रवता."

"बरं. कालपासून मोरीत गेली?"

आईचा आवाज बदलला. "तांच तर. पाणी नाय दिलंय तरी जाताच आसा. मघाशी उठाक जमला नाय, तर मी भांडां लायलंय."

"ते भांडं मला द्या."

भांडे मी बाहेर आणले. मामांनी डबी उघडली आणि गॅलरीच्या कठड्याशी उकिडवे बसून नळी आत सोडली. नळी जवळजवळ पूर्ण बुडाली. त्यांनी दोनदा पाहिले आणि मलाही पाहायला लावले. दीड दिवस पाणी तोडलेल्या माणसाचे मूत्र गडद आणि थोडके असते, शरीर थेंबन् थेंब धरून ठेवते. हे नळाच्या पाण्यासारखे होते.

"ही सवय नाही," मामा म्हणाले. "सवयीने पाणी पिणाऱ्याचं पाणी तोडलं की हे दाट होतं. हिचा दुसरा हुकूमच जात नाही. हिला आत्ता इस्पितळात न्यायचं. पाजायचं नाही आता, शुद्धीवर नाही ती, छातीत जाईल." मग त्यांनी आईला विचारले, "तहान कधीपासून?"

"गेल्या वर्साच्या शिमग्याआधीपासून."

"त्याच्या आधी काय झालं?"

"काय नाय."

तेव्हा मला आठवले. १९५६च्या जानेवारीत, मुंबईत गोळीबार झाला त्या दिवसांत, आमच्या रस्त्यावर अश्रुधूर सोडला होता. पळणारी माणसे चाळीत घुसली. वहिनी कळशी घेऊन जिना चढत होती. लोंढ्यात ती आठ पायऱ्या खाली गेली आणि डोके मागून दगडी पायरीवर आपटले. नाकातून रक्त आले. तीन दिवस ती पडून होती, चौथ्या दिवशी उठून कामाला लागली. जखम भरली म्हणून ते प्रकरण मिटले होते. तहान त्याच आठवड्यात सुरू झाली. त्या दिवसाचे वृत्त पेपरात मीच लिहिले होते.

मी हे सांगितले तेव्हा मामांनी तिला बसवून खाली न्यायला खुर्ची मागितली.

मजल्यावरचे पुरुष पाळीवर होते. खुर्चीला तीन बाजूंनी धरायला मी, शेजारचा एक म्हातारा आणि मामा एवढेच होतो. खुर्ची उचलायला मामा उंबरा ओलांडून आत आले. आई बाजूला सरकली.

इस्पितळात मामांना सगळे ओळखत होते. वॉर्डातला तरुण डॉक्टर चार वर्षांपूर्वी त्यांच्या टेबलावर थेंब मोजायला शिकलेला होता. मामांनी त्याला रिपोर्टरसारखे सांगितले: पडली कधी, तहान कधी, पाणी कधी तोडले, नळी कुठे थांबली. मत दिले नाही. डॉक्टरने सलाईनची बाटली हातात घेतली तेव्हा मात्र ते दारातून म्हणाले, "साहेब, रक्तात मीठ आधीच चढलेलं असणार."

डॉक्टरने ती बाटली ठेवली आणि ग्लुकोजची घेतली. नंतर मोठ्या डॉक्टरांनी येऊन नाकामागच्या त्या गाठीच्या अर्काचे इंजेक्शन दिले. पलंगाखाली मूत्राची बाटली होती. तिच्यात दर तासाला किती पडते ते मामा भिंतीला टेकून मोजत होते. तिसऱ्या तासाला ते निम्म्याच्या खाली आले आणि रंग पिवळा झाला. आयुष्यात मी पिवळ्या रंगाकडे इतके लक्ष कधी दिले नव्हते.

बाहेर व्हरांड्यात मामांनी मला विचारले, "त्या दिवशीचे जखमी किती छापले होतेस?"

मला आकडा पाठ होता. मी सांगितला.

"एक वाढव," मामा म्हणाले.

दुरुस्ती छापली गेली नाही. सव्वा वर्ष उलटून गेले होते.

वहिनी बुधवारी सकाळी शुद्धीवर आली. आईला तिच्यासमोर जायचे धैर्य होत नव्हते. मामा आईशेजारी बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून, आणि त्यांनी तिला समजावले. मेंदू, गाठ, मूत्रपिंड यातला एक शब्द त्यांनी वापरला नाही.

"मावशी, रस्त्यात पालिकेचा चावीवाला येतो ना, पाणी सोडायला नि बंद करायला?"

"येता."

"तसा प्रत्येकाच्या डोक्यात एक असतो. हिचा कामावर येत नाही. नळ दिवसरात्र उघडा. तुम्ही वरून भरायचं थांबवलंत, तर टाकी कोरडी पडली. हिने काही चोरलं नाही, सांडलं नाही."

आई म्हणाली, "म्हणजे हिचो चावीवालो मेलो?"

"मेला नाही. जिन्यावर जखमी झाला."

घरी सोडताना डॉक्टरांनी एक पूड दिली. दिवसातून तीनदा तपकिरीसारखी नाकात ओढायची. आई स्वतः तपकीर ओढणारी. तिने डबी उघडून वास घेतला.

"कसली पूड ही?"

डॉक्टर दुसऱ्या पलंगाकडे वळला होता. मामा म्हणाले, "जनावराच्या डोक्यातली तीच गाठ असते. वाळवून केलेली."

"खयच्या जनावराची?"

मी मामांकडे पाहिले. ते काहीही सांगू शकले असते. आईला कधीच कळले नसते.

"गुराची," मामा म्हणाले.

आईने डबी पलंगावर ठेवली. वॉर्डात त्या वेळी भांडी वाजत होती, जेवण वाढणे चालू होते. वहिनी उठून बसली. तिचा आवाज अजून बसलेला होता.

"आये, तुम्ही जरा भायर जावा. मी काय ओढलंय तां तुमका म्हायत नाय."

आई बाहेर गेली. वहिनीने पूड ओढली, दोनदा शिंकली आणि डबी उशाखाली ठेवली. आई परत आली तेव्हा तिने डबीबद्दल काही विचारले नाही. त्यानंतरही कधी विचारले नाही.

घरी कोणीतरी माप ठेवायला हवे होते. पूड कमी पडली तर तहान वाढते, जास्त झाली तर अंगात पाणी साठते आणि डोके दुखते. मामांनी ते काम आईला दिले. आईला अक्षर येत नव्हते. मोरीशेजारच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा ओढू लागली, प्यायलेल्या तांब्याला उभी, गेलेल्याला आडवी. दर रविवारी मामा दारात उभे राहून रेघा वहीत उतरवून घेत. मी त्यांना विचारले की मी असताना आईला का? ते म्हणाले, "ती एकदा चुकली आहे. ती परत चुकायची नाही. तुझी खात्री नाही."

पूड परदेशातून येई. १९५८च्या उन्हाळ्यात ती येईनाशी झाली. मामा रोज इस्पितळाच्या औषधाच्या खिडकीवर जाऊन विचारत. उत्तर एकच होते. भिंतीवरच्या उभ्या रेघा पुन्हा वाढल्या. मामांनी सांगून ठेवले होते की पूड नसेल तेव्हा पाणी हेच औषध, त्यात एक तांब्याही कमी चालणार नाही. नळाला पाणी तासभरच येत होते. पहिल्या आठवड्यात शेजारणींनी आळीपाळीने एकेक कळशी दिली. दुसऱ्या आठवड्यात कोणाकडे द्यायला उरले नाही. आईने स्वतःची आंघोळ बंद केली, मग भावाची आणि माझीही. तिसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी सकाळी दहापर्यंत घरात दीड कळशी पाणी शिल्लक होते आणि पुढचे पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे येणार होते. वहिनी तोंडात पदराचे टोक धरून बसली होती.

साडेदहाच्या सुमारास मामा आणि त्यांची बायको जिना चढून आले. बाईंच्या डोक्यावर एक हंडा होता, मामांच्या खांद्यावर एक. दोन्ही त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवले. गॅलरीत शेजारणी उभ्या होत्या.

"आमच्या चाळीच्या नळाचं आहे," मामा म्हणाले. "मावशी, तुम्हाला प्यायला चालत नसेल तर हे धुण्याभांड्याला घ्या आणि तुमचं हिला ठेवा. पण हिला कमी करू नका."

आई हंड्यांकडे पाहत राहिली. वहिनी तांब्या घेऊन बाहेर आली, वाकून तिने तो हंड्यात बुडवला आणि उभ्याउभ्याच प्यायली. दुसरा तांब्या आईने त्याच हंड्यातून भरून दिला.